डिस्चार्ज बुकात नसलेली तीन पदकं: १९७१ च्या एका जवानाचं प्रकरण

माजी सैनिकांच्या घरच्यांसाठी आणि त्यांचे कागद हाताळणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांना इथे आबा म्हटलंय. गाव, पलटण आणि रेजिमेंट ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत. लिहायला आबांची आणि घरच्यांची संमती आहे. मी स्वतः फौजेत क्लार्क होतो आणि आता तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या अर्जांचं काम बघतो. या प्रकरणात माझा हात लागला तो त्याच नात्याने.

पार्श्वभूमी

आबा १९६३ साली एका इन्फंट्री रेजिमेंटमध्ये भरती झाले. चीनच्या लढाईनंतर फौज वाढवायचं ठरलं होतं आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या गावागावांतून पोरं भरतीला निघाली होती, त्यांतले ते एक. भरतीच्या वेळी लग्न झालेलं नव्हतं, म्हणून नेक्स्ट ऑफ किन, म्हणजे काही झालं तर कळवायचा जवळचा नातेवाईक, या रकान्यात वडलांचं नाव लागलं. १९६८ मध्ये लग्न झालं, पण हा रकाना बदलायचा राहून गेला. हा तपशील पुढे फार कामाला आला.

१९७१ च्या डिसेंबरात त्यांची पलटण पूर्वेकडे होती. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. ती बातमी आबांनी ऐकली गुवाहाटीच्या बेस हॉस्पिटलमध्ये, खाटेवर पडून. त्याच्या काही दिवस आधी मॉर्टरच्या गोळ्याचा तुकडा त्यांच्या उजव्या मांडीत घुसला होता. तिथून त्यांना पुण्याच्या लष्करी रुग्णालयात हलवलं. बरे झाले, पण काही काळ खालच्या मेडिकल कॅटेगरीत राहिले. पलटणीत परत जाणं झालं नाही, पोस्टिंग रेजिमेंटच्या सेंटरला, म्हणजे तिच्या प्रशिक्षण केंद्रावर, निघाली. पुढे कॅटेगरी सुधारली आणि १९७९ मध्ये ते नाईक म्हणून पेन्शनवर घरी आले.

प्रश्न कसा उभा राहिला

युद्धाला पन्नास वर्षं झाली तेव्हा स्वर्णिम विजय वर्षात देशभर मशाली फिरल्या आणि जागोजागी त्या लढाईतल्या सैनिकांचे सत्कार झाले. आमच्या भागातल्या एका कार्यक्रमासाठी नावं गोळा करताना डिस्चार्ज बुकातल्या (फौजेतून सुटताना जवानाला मिळणाऱ्या नोकरीच्या नोंदींच्या पुस्तकातल्या) मेडलच्या पानाची झेरॉक्स मागितली गेली. पूर्व आघाडीवर असाल तर पूर्वी स्टार, पश्चिमेला असाल तर पश्चिमी स्टार, ही साधी कसोटी होती. आबांच्या पानावर दोन्ही नव्हते. नाव यादीत आलं नाही.

आबा काही बोलले नाहीत. ती गोष्ट लागली थोरल्या मुलाला. लहानपणापासून बापाच्या मांडीवरची खूण बघत वाढलेला माणूस, आणि कागद सांगतो की बाप त्या लढाईत नव्हताच.

त्याने लगेच रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे रेजिमेंटच्या जवानांचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाला, दोन पानी टाइप केलेला अर्ज धाडला. त्यात लढाईचं वर्णन होतं, जखमेचं होतं, आणि शेवटी मागणी होती की सर्व पदकं द्यावीत आणि जखमेबद्दलच्या पेन्शनचा फरकही मिळावा. उत्तर चार ओळींचं आलं: या कार्यालयातल्या अभिलेखात अशा पदकांची नोंद आढळत नाही, सबब विनंती मान्य करता येत नाही. घरच्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की दार बंद झालं. हे पत्र घेऊनच मुलगा माझ्याकडे आला.

पहिला निर्णय: त्या पानाकडे नीट बघणं

पत्रात नोंद नाही म्हटलं होतं. आबा पदकाला पात्र नाहीत, असं कुठेही म्हटलं नव्हतं. हा फरक कळला की पुढचं काम ठरतं. पदक मागत बसायचं नाही. नोंद का झाली नाही ते शोधायचं आणि ती करून घ्यायची.

ज्यांना फौजेतली कागदांची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जवानाच्या नोकरीत जे काही घडतं, म्हणजे सुट्टी, लग्न, मूल, बढती, शिक्षा, हॉस्पिटल, पोस्टिंग, पदक, ते सगळं त्याचं युनिट पार्ट टू ऑर्डरमध्ये प्रसिद्ध करतं. त्या ऑर्डरच्या आधारावर रेकॉर्ड ऑफिस जवानाच्या शीट रोलमध्ये, म्हणजे त्याच्या नोकरीच्या मूळ नोंदपत्रात, नोंद घेतं. डिस्चार्ज बुक भरलं जातं ते शीट रोलवरून. पार्ट टू ऑर्डर निघालीच नसेल तर माणूस रणांगणावर प्रत्यक्ष असूनही कागदावर तिथे नसतो.

आबांच्या पानावर चार नोंदी होत्या: सैन्य सेवा मेडल, १९६५ चं रक्षा मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं मेडल. नसलेली तीन म्हणजे पूर्वी स्टार, संग्राम मेडल आणि युद्धात जखमी झालेल्यांचं वूंड मेडल, ज्याला आता पराक्रम पदक म्हणतात.

या चार-तीनच्या वाटणीतच उत्तर होतं. रक्षा मेडल आबा पलटणीत असतानाचं. पंचविसाव्या वर्षाचं मेडल १५ ऑगस्ट १९७२ ला जे नोकरीत होते त्यांचं, आणि तेव्हा आबा सेंटरला होते. म्हणजे पलटणीने आपल्या वेळचं नोंदवलं आणि सेंटरने आपल्या वेळचं. निसटलं ते नेमकं मधलं. १९७१ च्या युद्धाची पदकं युद्ध संपल्यानंतर काही काळाने जाहीर झाली आणि वूंड मेडल तर १९७३ साली सुरू झालं. तोवर आबांचं नाव पलटणीच्या नफरीवरून, म्हणजे हजर माणसांच्या पटावरून, निघून गेलं होतं. पलटणीने यादी केली ती नफरीवर असलेल्यांची. सेंटरने धरून चाललं की युद्धाच्या पदकांचं पलटण बघेल.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट हीच आहे. न दुखावता पलटणीत राहिला त्याचं पान भरलं. जखमी होऊन पलटणीबाहेर गेला त्याचं कोरं राहिलं.

समोर असलेले मार्ग

शेजारच्या एका माजी हवालदारांनी सुचवलं की पुण्यात पदकांच्या प्रतिकृती मिळतात, त्या आणाव्या आणि लावाव्या. पदकं वेळेवर हातात न पडल्यामुळे नोकरीतले लोकही बाजारातून घेऊन लावतात, हे खरं आहे. पण त्यांची नोंद झालेली असते. आबांनी एका वाक्यात नकार दिला: "ऑर्डर नसताना छातीवर काय लावू?"

मंत्र्यांना, आमदारांना, तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर लिहावं असंही घरात चाललं होतं. मी विरोध केला नाही, पण भरवसाही दिला नाही. असा अर्ज वरून खाली फिरत त्याच रेकॉर्ड ऑफिसच्या टेबलावर येतो, आणि नवा कागद जोडलेला नसेल तर तिथून तेच उत्तर निघतं.

सशस्त्र दल न्यायाधिकरण हा खरा कायदेशीर मार्ग. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. मुलाचा ओढा तिकडे होता. मी थांबायला सांगितलं, कारण न्यायाधिकरणाने तपासायला एक सविस्तर, कारणांसह दिलेला निर्णय हातात हवा आणि आपल्या बाजूचे कागद हवेत. आपल्याकडे होतं काय, तर चार ओळींचं पत्र आणि आबांची आठवण. शिवाय अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते, त्यामुळे असा आदेश कधी ओढवून घ्यायचा हेही विचारपूर्वक ठरवावं लागतं.

उरला कागदाचा मार्ग: माहिती अधिकारात आबांचेच कागद मागवायचे, त्यात जे सापडेल त्याच्या जोरावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत नवा अर्ज करायचा.

दुसरा निर्णय: तीन मागण्या वेगळ्या करणं

संग्राम मेडलला त्या काळात नोकरीत असणं पुरतं. पूर्वी स्टारला ठरवून दिलेल्या पूर्वेकडच्या युद्धक्षेत्रातली हजेरी लागते. वूंड मेडलला मात्र जखम शत्रूच्या कारवाईत झाली हे दाखवावं लागतं. तिन्ही एका अर्जात बांधली तर सगळ्यात अवघड मागणी बाकीच्या दोघींना अडवून धरते. म्हणून पहिल्या दोन नोंदींचा एक अर्ज आणि जखमेचा दुसरा, असं ठरवलं.

पेन्शनच्या फरकाची मागणी काढून टाकली. त्यावर घरात बराच वाद झाला. मी मुलाला समजावलं की या स्टारला किंवा वूंड मेडलला पेन्शन जोडलेली नाही. अपंगत्वाचा लाभ मिळायला नोकरीतून सुटताना मेडिकल बोर्डाने किमान २० टक्के अपंगत्व ठरवलेलं असावं लागतं, आणि आबा तर वरच्या कॅटेगरीत येऊन घरी आले होते. मानाच्या नोंदीला पैशाची मागणी चिकटली की ती फाइल वेगळ्या शाखेत फिरायला लागते.

केलेली कृती

माहिती अधिकाराचा अर्ज आबांच्याच सहीने केला. मुलाच्या नावाने केला असता तर दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून अडला असता. सोबत ओळखपत्र आणि पेन्शनच्या पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत लावली, दहा रुपयांचं शुल्क भरलं. मागितलं ते नेमकं: शीट रोलची साक्षांकित प्रत, डिसेंबर १९७१ पासून १९७३ अखेरपर्यंतच्या त्यांच्या आर्मी नंबरशी संबंधित पार्ट टू ऑर्डर, आणि हॉस्पिटल व मेडिकल बोर्डाचे जे कागद असतील ते.

आबा पेन्शनर आहेत हे नशीब. पेन्शन न मिळालेल्या जवानांचे कागद पंचवीस वर्षांनंतर नष्ट केले जातात आणि बहुतेकदा लाँग रोलमधली (जवानांच्या नावांच्या मुख्य नोंदवहीतली) एक ओळ तेवढी शिल्लक राहते. आबांचा शीट रोल शाबूत होता.

तो हातात आला तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. १९७२ च्या सुरुवातीपर्यंत ते पलटणीच्या नफरीवर होते, हे त्यात लिहिलेलं होतं. आणि डिसेंबर १९७१ मधल्या हॉस्पिटलच्या भरतीची तारीखही होती. त्यापुढे कारणाचा उल्लेख नव्हता. मेडिकल बोर्डाचा एक कागद मिळाला, त्यात उजव्या मांडीत स्प्लिंटरची जखम असं होतं, पण ती कुठे आणि कशाने झाली ते नव्हतं. सरावातही स्प्लिंटर लागतो, त्यामुळे तेवढ्यावर भागणार नव्हतं.

मग पलटणीला लिहिलं. पलटण आजही आहे, आणि जुन्या माणसाचं पत्र गेलं की पलटणी सहसा मनापासून उत्तर देतात. त्यांनी कळवलं की १९७१ मध्ये पलटण पूर्व आघाडीवर कुठल्या भागात होती आणि पूर्वी स्टारच्या यादीत आबांचं नाव नाही. यादी नंतरची असल्याने ते अपेक्षितच होतं. पण पलटणीचं ठिकाण आणि आबांची नफरीवरची तारीख हे दोन कागद शेजारी ठेवले की पूर्वी स्टारला आणखी काही लागत नव्हतं.

त्याच सुमाराला मुलाने आबांच्या कंपनीतल्या दोन सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं करून आणली. त्यासाठी तो दोन जिल्हे फिरला. कंपनीचे त्या वेळचे तरुण अधिकारी पुण्यात राहतात हे कळल्यावर त्यांच्याकडूनही पत्र मिळालं.

जखमेचा कागद

आबांना परत परत विचारून काही निष्पन्न होत नव्हतं. त्यांना आठवत होतं ते स्ट्रेचर, रात्र, आणि शेजारच्या खाटेवरचा पोरगा. कागद त्यांच्या हातात कोणी दिलाच नव्हता, आणि जखमी माणसाच्या हातात कोण काय देणार?

मी आबांच्या पत्नींना, म्हणजे आजींना, विचारलं की त्या वेळी घरी काही आलं होतं का. त्या म्हणाल्या, "तार आली हुती की. मामंजींच्या नावानं. गुरुजींनी वाचून दावली. मागनं एक पत्र बी आलं."

घरात हे कुणालाच नवं नव्हतं, पण त्याचं मोल कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जवान जखमी झाला की रेकॉर्ड ऑफिस नेक्स्ट ऑफ किनला कळवतं. आबांच्या कागदांत वडलांचं नाव होतं, म्हणून तार आणि मागचं पत्र वडलांना आलं. वडील गेल्यावर वाटणी झाली, जुनं घर आणि त्यातली वडलांची ट्रंक धाकट्या भावाकडे गेली. आणि धाकट्या भावाशी बांधावरून कित्येक वर्षं बोलणं नव्हतं.

जायचं की नाही, यावर आबांच्या घरात लढाईपेक्षा जास्त चर्चा झाली असेल. शेवटी आजी स्वतः गेल्या, मुलाला सोबत नेलं नाही. धाकट्या जाऊबाईंनी ट्रंक उघडून दिली. सातबाऱ्याचे उतारे, सोसायटीच्या पावत्या आणि त्यांत घडी घातलेलं एक पत्र. तार नव्हती. पत्र मात्र रेकॉर्ड ऑफिसच्या लेटरहेडवरचं, आर्मी नंबरसकट: आपला मुलगा अमुक तारखेला शत्रूच्या गोळाबारात जखमी झाला असून त्याची प्रकृती सुधारत आहे.

पत्रातली तारीख शीट रोलमधल्या हॉस्पिटलच्या तारखेशी जुळत होती. ज्या कार्यालयात नोंद सापडत नव्हती, त्याच कार्यालयाचं हे लेखी होतं. मूळ पत्र पाठवलं नाही. साक्षांकित प्रत जोडली आणि गरज पडल्यास मूळ घेऊन हजर राहू, असं अर्जात लिहिलं.

निष्पत्ती

पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल यांची नोंद पहिल्या अर्जावरच झाली. पार्ट टू ऑर्डर निघाली, तिची प्रत आली, आणि डिस्चार्ज बुक पाठवल्यावर त्यात शिक्क्यासह नोंद होऊन परत आलं. जखमेचा अर्ज आधी एकदा माघारी आला होता, कारण कॅज्युअल्टी रिपोर्ट, म्हणजे जवान जखमी झाल्याचा त्या वेळचा अहवाल, जोडलेला नव्हता. वडलांना आलेलं पत्र जोडून तो पुन्हा गेला, रेकॉर्ड ऑफिसने पुढे पाठवला, बराच काळ शांतता, दोन स्मरणपत्रं, आणि अखेर मंजुरी. न्यायाधिकरणात जायची वेळ आली नाही.

प्रत्यक्ष पदकं हे लिहीपर्यंत आलेली नाहीत. आबांनी पुण्याहून तिन्हींच्या प्रतिकृती मागवल्या आणि २६ जानेवारीला शाळेच्या झेंडावंदनाला सातही पदकं लावून गेले. धाकटा भाऊही होता. बांधाचा वाद मिटला असं मी म्हणणार नाही, पण जातायेता बोलतात.

पुन्हा करायचं झालं तर

माहिती अधिकाराचा अर्ज सगळ्यांत आधी जायला हवा, पहिल्या मागणीपत्राच्याही आधी. आपल्याबद्दल कार्यालयाकडे काय लिहिलेलं आहे हे माहीत नसताना केलेली मागणी अंधारात केलेली असते, आणि तिला आलेला नकार पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटून राहतो.

प्रतिज्ञापत्रांवर मुलाचा फार वेळ आणि पैसा गेला. पन्नास वर्षांनंतरच्या आठवणीपेक्षा त्या वेळचा कागद कार्यालयात जास्त चालतो. या फाइलमध्ये सोबत्यांच्या प्रतिज्ञापत्रांचा उल्लेखही कुठल्या उत्तरात आला नाही. अधिकाऱ्यांच्या पत्राचा आला, कारण त्यात कंपनी, ठिकाण आणि दिवस लिहिलेला होता. तरीही त्या दोन सोबत्यांना भेटल्याचं आबांना समाधान आहे आणि ते मी कमी लेखत नाही.

घरातल्या बाईला आधी विचारायला हवं होतं. युद्धाच्या दिवसांत फौजेचे कागद जवानाकडे जात नव्हते, घराकडे येत होते. जखमी, बेपत्ता, हॉस्पिटलमधून सुटका, सगळं वडील, आई किंवा पत्नी यांच्या नावाने. म्हणून आता मी पहिल्याच भेटीत विचारतो की भरतीच्या वेळी नेक्स्ट ऑफ किन कोण होतं आणि त्या माणसाची ट्रंक आज कुणाच्या घरात आहे.

एका गोष्टीवर माझं मत पक्कं झालेलं नाही. दोन अर्ज वेगळे केल्यामुळे पहिल्या दोन नोंदी लवकर झाल्या, पण जखमेची फाइल एकटी पडली आणि तिला जास्त वेळ लागला. आबांचं वय पाहता लवकर हाती लागेल ते आधी घेणं मला बरोबर वाटलं. वय कमी असतं आणि जखमेचा कागद सुरुवातीलाच हातात असता, तर मी तिन्ही एकत्र पाठवली असती.

कुठे अर्ज करायचा यात बऱ्याच घरांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो. अर्ज जवानाच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो, मग तो राहायला कुठेही असो. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं (फौजेतल्या इंजिनिअरांचं) खडकीला. आर्मी नंबर, रँक, नाव आणि पलटण हे डिस्चार्ज बुकात जसं आहे तसंच लिहावं. आधारवरचं नाव वेगळं असेल तर तो फरक अर्जातच सांगून टाकावा.

आबांच्या बरोबर त्याच आठवड्यात जखमी होऊन पलटणीबाहेर गेलेले आणखी काही जण होते. नोंदीतली ही फट एकट्या आबांपुरती असण्याचं कारण नाही. पलटणीच्या जुन्या मंडळींकडून दोन नावं मिळाली. त्यांतल्या एकाच्या पानावर पूर्वी स्टार आहे, वूंड मेडल नाही. दुसरे हयात नाहीत. त्यांच्या पत्नी कौटुंबिक पेन्शनवर आहेत आणि त्यांच्या सहीने शीट रोलसाठी अर्ज गेला आहे.